क्षय की आवरण? कर्करोगाच्या घरी आलेला पक्षाघात

कर्करोग आणि पक्षाघात या दोन्ही व्याधींवर आपल्या व्यवसायबंधूंनी पुष्कळ लिहिले आहे. परिसंवादांतून दोहोंची स्वतंत्र सत्रे होतात, अनुभव मांडले जातात, कल्पांची चर्चा होते. परंतु कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णासच अकस्मात पक्षाघात झाला, तर त्या घरी काय घडते आणि आपण तेथे कोणत्या नात्याने उभे राहावे, याविषयी आपल्यात क्वचितच बोलणे होते. हा योग वाटतो तितका दुर्मीळ नाही. ज्या वैद्याच्या वस्तीत कर्करोगाचे दहा रुग्ण आहेत, त्याने तो आज ना उद्या पाहावा लागणार हे गृहीत धरावे.

आमचे मत आरंभीच स्पष्ट करतो. अशा रुग्णाच्या पहिल्या तासात वैद्याचे आणि औषधी दुकानदाराचे एकच कर्तव्य आहे, ते म्हणजे त्यास विनाविलंब योग्य रुग्णालयात धाडणे. त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत मात्र त्या कुटुंबास वैद्याची जितकी निकड असते, तितकी अन्य कोणाचीही नसते. आज व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते. पहिल्या तासात आपण औषध देऊन रुग्णास घरी थांबवतो आणि पुढे रुग्णालयाचे कागद हाती आले की, ‘आता ते त्यांचे रुग्ण’ म्हणून बाजूस होतो.

विक्रोळीचे उदाहरण घेऊ, कारण येथील वस्ती आम्हांस परिचित आहे. पूर्वेस कन्नमवार नगर व टागोर नगर येथील गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या, उद्वाहन नसलेल्या इमारती; पश्चिमेस पार्कसाइट, सूर्यनगर आणि डोंगरउतारावरील चिंचोळ्या वाटांची घरे. कारखान्यांत आणि गोदामांत आयुष्य घालवलेला हा कष्टकरी वर्ग. तंबाखूचे व्यसन येथे जुने, म्हणून मुखाच्या कर्करोगाचे रुग्णही आहेत. निदान झाले की घरचे कोणीतरी धीम्या लोकलने परळ गाठते. १९४१ साली उभ्या राहिलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा कित्येक पिढ्यांना आधार दिला आहे. फाइल, तारीख, रक्ततपासणी, केमोथेरपी आणि पुन्हा तारीख या चक्राभोवती सगळे घर हळूहळू स्वतःस बसवून घेते. कोणी रात्रपाळी मागून घेतो, कोणी शिकवणी सोडतो, कोणी दागिना गहाण ठेवतो. येऊ घातलेल्या संकटासाठी मनाची तयारीही त्या घराने अंशतः केलेली असते.

अशा घरी एके सकाळी चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतो. उजव्या हातातील पेला निसटतो. पत्नीस वाटते, केमोचा अशक्तपणा आहे. मुलगा कामावर असतो. शेजारच्या आजी सांगतात, वारे गेले असेल, तेल चोळा. कोणीतरी खाली दुकानात येऊन महानारायण तेल मागते आणि वाताची एखादी चांगली गोळीही द्या म्हणते. दुकानदार मागितलेला माल देतो. संध्याकाळी मुलगा परततो तेव्हा वडिलांची वाचा गेलेली असते. हे चित्र कोणा एका घरचे नाही; अनेक घरांतील तुकडे जोडून ते आम्ही उभे केले आहे. परंतु यातील प्रत्येक तुकडा वाचकांपैकी कित्येकांनी पाहिलेला असेल.

या चित्रात कोणीही दुष्ट नाही, निष्काळजीही नाही. घोटाळा होतो तो कर्करोगाच्या सावलीमुळे. रुग्णाच्या बाबतीत जे जे नवे घडते, ते ते त्या एका व्याधीच्या खाती जमा होते. त्यातून मुखाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर चेहरा आधीच वाकडा आणि बोलणे आधीच अस्पष्ट असते. मग तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली या लक्षणांचे मोल कोणास वाटणार? म्हणून अशा रुग्णाच्या नातेवाइकास आपण विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: ‘कालपर्यंत नव्हते असे आज काय दिसते?’ दोन्ही हात समोर उचलता येतात का, एक हात खाली येतो का, सांगितलेले समजते का, चालताना तोल एका बाजूस जातो का, एका डोळ्याने अथवा एका बाजूचे दिसेनासे झाले का? यांपैकी एकही गोष्ट अकस्मात घडली असेल, तर विचार करीत बसण्याची वेळ नाही.

कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे नाते जुने आहे. पॅरिस येथील वैद्यकाचार्य आर्मां त्रूसो यांनी ते १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानांतून मांडले. पुढे १८६७ मध्ये त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. त्यावरून आपणांस कर्करोग असल्याचे त्यांनी ओळखले आणि त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज या नात्याची कारणे अधिक स्पष्ट झाली आहेत. अनेक अर्बुदे रक्त गोठविणारी द्रव्ये सोडतात. हृदयाच्या झडपांवर जंतुविरहित गुठळ्या धरतात आणि त्या सुटून मेंदूत जातात. सिस्प्लॅटिनसारख्या काही औषधांनी हा धोका वाढतो. मानेवर दिलेल्या किरणोपचाराने पुढील काही वर्षांत मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद होतात. उलट्या, जुलाब आणि अन्नद्वेष यांमुळे देहातील द्रवांश घटतो, ते निराळेच. याच्या अगदी उलटही घडते: रक्ताच्या कर्करोगात अथवा केमोनंतर प्लेटलेटची संख्या घसरली की मेंदूत रक्तस्राव होतो. कधी पक्षाघातासारखे दिसणारे लक्षण मेंदूत पसरलेल्या गाठीचे असते, तर कधी केवळ रक्तातील साखर उतरल्याचे.

येथे आमच्या विषयाचा गाभा येतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पक्षाघाताची साध्यासाध्यता सांगताना क्षयामुळे झालेला पक्षाघात असाध्य मानला आहे. अर्बुदाने खंगलेला, धातू क्षीण झालेला रुग्ण समोर आला की आपल्यापैकी अनेकांच्या मनात हेच वचन उभे राहते आणि पुढचा विचार थांबतो. घरचेही हाच निष्कर्ष निराळ्या शब्दांत काढतात: ‘आता शेवट जवळ आला, आणखी हाल कशाला?’ परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात वातप्रकोपाची दोन कारणे शेजारी शेजारी सांगितली आहेत, धातुक्षय आणि मार्गावरण. कर्करोगाच्या रुग्णात क्षय डोळ्यांस दिसतो. आवरण दिसत नाही. मेंदूची धमनी गुठळीने अडली असेल तर तो मार्गाचा अवरोध आहे. धमनी फुटली असेल तर प्रकार तिसराच आहे. या तिहींमधील भेद त्या क्षणी नाडीवरून, जिव्हेवरून अथवा चेहऱ्यावरून करता येईल असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तो भेद सीटी स्कॅनमध्ये दिसतो आणि उपचार त्या भेदावर अवलंबून असतो. एका प्रकारात रक्त वाहते करावयाचे असते, दुसऱ्यात थांबवावयाचे. क्षय समजून स्वस्थ बसलो आणि कारण आवरण निघाले, तर ज्याचे हातपाय वाचले असते तो मनुष्य अंथरुणास खिळतो.

काळाचे गणितही लक्षात घेतले पाहिजे. मोठी धमनी अडली असता दर मिनिटास मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. धमनीतून बारीक नळी नेऊन गुठळी ओढून काढण्याचा उपचार सामान्यतः सहा तासांत, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत केला जातो. ‘कर्करोग आहे म्हणजे यातले काहीच होणार नाही’ हा समज चुकीचा आहे. प्लेटलेट एक लाखाहून कमी असतील, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर इंजेक्शन टाळावे लागते. परंतु नळीने गुठळी काढणे अशा काही रुग्णांतही शक्य असते. केवळ कर्करोगाचे निदान हे उपचार नाकारण्याचे कारण नव्हे. निर्णय त्या विषयाच्या तज्ज्ञांनी करावयाचा आहे. त्यांच्यापर्यंत रुग्ण वेळेत पोहोचविणे आपल्या हाती आहे.

यास्तव पहिल्या तासात पाळावयाची काही पथ्ये आम्ही सुचवितो. ती दवाखान्याइतकीच दुकानाच्या गल्ल्यालाही लागू आहेत.

१. तोंडावाटे काहीही देऊ नये. पाणी, मध, काढा, गोळी काहीच नाही. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासमार्गात जाते. नस्य करू नये. तेल चोळण्यात वेळ घालवू नये.

२. ॲस्पिरिन अथवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने देऊ नये. रक्तस्राव असेल तर पहिली घातक ठरते. दाब एकाएकी उतरविल्यास दुसरीही.

३. यंत्र हाताशी असल्यास रक्तातील साखर पाहावी. मात्र त्यासाठी प्रस्थान थांबवू नये.

४. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून द्यावी. झोपेतून उठताना लक्षण दिसले तर झोपण्यापूर्वीची वेळ धरावी.

५. कर्करोगाची फाइल, शेवटच्या केमोची तारीख, अलीकडील रक्ततपासणी, शस्त्रक्रियेची तारीख आणि चालू औषधांची यादी बरोबर द्यावी. आपण दिलेली औषधेही त्या यादीत असावीत. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते प्रथम सांगावे.

६. जिना अथवा चढणीची वाट असल्यास रुग्णास चालवू नये. शुद्धीवर असल्यास भक्कम खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावे. शुद्ध हरपली असल्यास चादरीच्या झोळीत कुशीवर ठेवून न्यावे.

येथे एक गोष्ट अभिमानाने नमूद करावीशी वाटते. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत आपल्याच पदवीचे कित्येक तरुण वैद्य काम करीत आहेत. तातडीच्या वेळी योग्य ठिकाणी धाडणे म्हणजे आपले शास्त्र दुय्यम ठरविणे, असे ज्यांस वाटते त्यांनी या तरुणांकडे पाहावे. विक्रोळीत रेल्वेमुळे पूर्व आणि पश्चिम भागांची झालेली ताटातूट ही जुनी अडचण होती. जून २०२५ मध्ये रेल्वेवरील उड्डाणपूल खुला झाल्याने ती बरीच कमी झाली आहे. परंतु पूल झाला तरी कोणत्या रुग्णालयाकडे वळावयाचे हे ठाऊक नसेल तर वेळ वाचत नाही. घाटकोपर, शीव, मुलुंड या टापूत रात्रंदिवस सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ कोठे उपलब्ध असतात, याची चौकशी प्रत्येक वैद्याने आधीच करून ठेवावी आणि ते नाव व क्रमांक कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी लिहून द्यावा.

आता त्या घराकडे वळू. रुग्ण वाचला, पंधरा दिवसांनी घरी आला. उजवे अंग लुळे, वाचा नाही, नाकात नळी. या घराची व्यथा केवळ दोन व्याधींची बेरीज नसते. कर्करोगाशी झुंजताना रुग्ण स्वतः त्या लढाईत सहभागी असतो. डॉक्टरांस प्रश्न विचारतो, मुलांस धीर देतो, प्रसंगी चिडतो. पक्षाघात हा सोबतीच हिरावून नेतो. ज्याचे दुखणे त्याचेच मत कळेनासे होते. केमो पुढे चालवावी की थांबवावी, नळी ठेवावी की काढावी, गावचे घर विकावे की नाही, हे सर्व निर्णय अचानक पत्नीवर आणि मुलांवर येऊन पडतात. बँकेतील सही जुळत नाही, म्हणून स्वतःचेच पैसे अडकतात. आणि रात्री दिवा मालवल्यावर प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: ‘आपल्याकडून तर काही राहिले नाही ना?’

या प्रश्नास उत्तर देणारा मनुष्य त्या घरास हवा असतो. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांस तेवढी सवड नसते. वैद्यास असते, आणि त्या घराशी त्याची ओळखही असते. ‘हे तुमच्या हातून घडलेले नाही, मूळ व्याधीतच हा धोका होता,’ हे वाक्य योग्य वेळी, योग्य माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळणे हाही एक उपचार आहे.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायी सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया आणि शुचिता हे चार गुण असावेत असे म्हटले. आमच्या घरांतून माया भरपूर असते; ज्ञान मात्र कोणी दिलेले नसते. दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, पाठीची आणि टाचांची त्वचा कशी पाहावी, नळीतून अन्न देताना डोके किती उंच ठेवावे, लुळ्या खांद्यास ओढून का उचलू नये, वाचा गेलेल्या माणसाशी हो-नाहीच्या खुणांनी कसे बोलावे, हे अर्ध्या तासात शिकविता येते. बहुधा हे सारे काम एकट्या सुनेवर अथवा मुलीवर येते आणि तिची नोकरी सुटते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी असे घरातील पुरुषांस सांगणे, हेही वैद्याच्याच कामात मोडते. तिसरा पाद मोडला तर उरलेले तीन उभे राहत नाहीत.

औषधयोजनेबाबतही संयम हवा. पक्षाघातानंतरचा अभ्यंग आणि मृदू स्वेद यांचा आपणांस अनुभव आहे आणि त्यांचा उपयोगही होतो. तथापि कर्करोगाच्या रुग्णात काही मर्यादा पाळाव्याच लागतात. एकच पाय सुजलेला, उष्ण, दुखरा असेल तर त्यास हात लावू नये. शिरेतील गुठळी मर्दनाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडांत व्याधी पसरली असल्यास दाब देऊ नये. गाठीवर आणि किरणोपचार झालेल्या त्वचेवर मर्दन अथवा स्वेदन नको. श्वेतपेशी अथवा प्लेटलेट उतरलेल्या असताना बस्ती देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना गुग्गुळ, लसूण, हळदीचे अधिक मात्रेतील कल्प यांचा विचार उपचार करणाऱ्या डॉक्टरांस कळवूनच करावा. यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो, हेही विसरू नये. अनुसूची ई (१) मधील द्रव्यांचे कल्प तर वैद्याच्या देखरेखीवाचून गल्ल्यावरून विकले जाऊच नयेत. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आणि पक्षाघात या दोहोंची नावे आहेत. त्यांवर उपाय असल्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. आपल्या दुकानांच्या काचांवर डकवलेली पत्रके या दृष्टीने एकदा तपासून पाहावीत. ज्या घरावर दोन्ही व्याधींनी झडप घातली आहे, ते घर त्या पत्रकावर विश्वास ठेवण्यास सर्वाधिक उतावीळ असते.

काही घरी व्याधी पुढे सरकते आणि बरे होण्याची आशा मावळते. तेव्हा ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य वैद्याने उच्चारू नये. वेदना कमी करता येते, श्वास सुकर करता येतो, मुख स्वच्छ ठेवता येते. वांद्रे येथील शांती आवेदना सदन १९८६ पासून अशाच रुग्णांची सेवा करीत आहे, आणि टाटा स्मारक रुग्णालयात वेदनाशमन व आधारसेवेचा स्वतंत्र विभाग आहे. त्यांच्याशी घराची गाठ वेळीच घालून द्यावी. ज्यांची वाचा शाबूत आहे अशा कर्करोग-रुग्णांशी त्यांच्या इच्छेविषयी आधीच बोलून ठेवणेही हितावह आहे. अशी इच्छा लेखी नोंदविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सुलभ केली; आता नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती साक्षांकित करता येते. हा विषय काढणे अभद्र आहे असे अनेकांस वाटते. मुकेपणाने तडफडणाऱ्या बापाच्या उशाशी बसून दोन भावांनी वाद घालणे त्याहून अभद्र आहे.

आपल्या संघटनेच्या शाखांनी याबाबत तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील तातडीच्या रुग्णालयांची पडताळलेली यादी सहा महिन्यांनी अद्ययावत करून सभासदांस आणि दुकानदारांस द्यावी. गल्ल्यावर काम करणाऱ्या सहायकांसाठी पक्षाघाताची लक्षणे ओळखण्याचा एक तासाचा वर्ग घ्यावा, कारण तेल मागावयास येणारा माणूस प्रथम त्यांनाच भेटतो. आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांसाठी महिन्यातून एकदा परिचर्येचे शिबिर भरवावे. यांतील कशासही मोठा निधी लागत नाही.

रुग्णास रुग्णालयात धाडल्याने त्या दिवसाचे दोन पैशांचे औषध खपत नाही, हे खरे. परंतु ‘तेल नंतर घ्या, आधी गाडी बोलवा’ असे ज्या दुकानदाराने सांगितले, त्याच्या पायरीवर ते घर पुन्हा येते; आणि रुग्ण घरी परतल्यावर ज्या वैद्याने जिना चढून चौकशी केली, त्याचे नाव त्या इमारतीत पुढली पिढीही घेते. क्षय की आवरण, हा निवाडा रुग्णालयात होऊ द्यावा. त्यानंतर त्या घरी जाऊन बसणे, हे मात्र आपलेच काम आहे.